गोधडीतली वायर

ब्रिटनमध्ये नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाला तिथल्या न्हाणीघरात पहिल्याच दिवशी एक कोडं पडतं. छताला एक पांढरी दोरी लोंबत असते. ती ओढली की वरून ‘खट्ट’ असा आवाज येतो आणि छतावरच्या चौकोनी डबीत लाल दिवा लागतो. उजेड वाढत नाही, पंखा फिरत नाही. मग झालं काय? माझ्या भाच्याने लेस्टरला गेल्यावर पहिले दोन दिवस गार पाण्याने अंघोळ केली. लाल दिवा म्हणजे काहीतरी बिघडलंय अशी त्याची समजूत. म्हणून कोणी दोरी ओढून ठेवली की हा पठ्ठ्या ती पुन्हा ओढून दिवा इमानेइतबारे बंद करायचा. महिना जानेवारीचा होता.

ती दोरी म्हणजे शॉवरचं बटण. ओला हात बटणाला लागू नये म्हणून तिथे न्हाणीघराच्या भिंतीवर साधी बटणं बसवत नाहीत. खटका छतात असतो, माणसाच्या हातात येते ती फक्त दोरी. हा खटका दांडगा असतो. त्यावर ४५ किंवा ५० अँपिअर असं छापलेलं असतं आणि तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडतो. आपल्याकडे मध्यम सदनिकेच्या सगळ्या घराला मिळून जो मुख्य एमसीबी असतो, तोही बऱ्याचदा एवढा नसतो. तिथे एवढी वीज एकट्या अंघोळीला लागते.

याला कारण आहे. जुन्या ब्रिटिश घरांत माळ्यावर पाण्याची टाकी असते आणि तिथून खाली येणाऱ्या पाण्याला जोर कमी. विजेचा शॉवर ही टाकी बाजूला ठेवतो. रस्त्यावरच्या मुख्य नळाचं गार पाणी थेट घेतो आणि वाहता वाहता तापवतो. साठवण काही नाही. हिवाळ्यात ते पाणी ५ ते १० अंशांचं असतं, अंगावर घ्यायला ४० च्या आसपास हवं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जवळजवळ ४.२ किलोज्यूल लागतात. हिशेब मांडला तर ९.५ किलोवॅटचा शॉवर १० अंशांचं पाणी ४१ अंशांवर नेऊन मिनिटाला जेमतेम साडेचार लिटर देतो. आपला बादलीवरचा नळही याहून जोरात वाहतो. म्हणजे साडेनऊ किलोवॅट ही चैन नाही, तिथे ती मध्यम प्रतीची अंघोळ आहे. बाजारात ७.५, ८.५, ९.५ आणि १०.५ किलोवॅटचे शॉवर सर्रास मिळतात.

आपलं पाणी मुळात कोमट आणि आपल्याकडे बादली आहे. बादलीला मी विद्युत अभियांत्रिकीतली एक थोर वस्तू मानतो. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर पुण्याच्या थंडीतलं २० अंशांचं पाणी ४० वर नेऊन मिनिटाला दोन लिटरांच्या थोडं वर देतो. अंगावर थेट घ्यायला ही धार अगदीच केविलवाणी. पण बादली खाली ठेवा, दात घासून या, तोवर ती भरलेली असते. थांबायची तयारी असली की वायर बारीक चालते.

भाच्याने चार वर्षांनी तिथे जुनं घर घेतलं. आधीच्या मालकाचा ७.२ किलोवॅटचा शॉवर काढून त्याला ९.५ चा बसवायचा होता. इलेक्ट्रिशियन आला, माळ्यावर डोकावला आणि म्हणाला, शॉवर आज बसवत नाही, आधी वायर बदलायला हवी. रात्री भाच्याचा फोन. “मामा, वायर तांब्याची आहे, सहा एमएमची आहे, इतकी वर्षं चालतेय. हा उगाच खर्च वाढवतोय ना?” मी म्हटलं, फोटो पाठव. फोटो आला. त्यात वायर कुठे दिसतच नव्हती. दिसत होती ती पिवळी लोकर, माळाभर पसरलेली, गुडघ्याला लागेल एवढी.

मी म्हटलं, तो माणूस बरोबर सांगतोय. त्याच्या चहाला दूध-साखर जास्त घाल.

आता तो बरोबर कसा, ते पाहू. पहिली पायरी भागाकाराची. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. इथेच एक गंमत आहे. ब्रिटनचा विजेचा दाब कागदोपत्री २३० व्होल्ट आहे, १९९५ पासून. त्याआधी तो २४० होता. युरोपशी जुळवून घ्यायला आकडा बदलला, तारांमधला दाब मात्र बऱ्याच ठिकाणी पूर्वीइतकाच राहिला. शॉवरच्या खोक्यावर ९.५ किलोवॅट लिहितात ते २४० व्होल्ट धरून. नवशिके ९५०० ला २३० ने भागतात आणि ४१ अँपिअर काढतात. ते चूक आहे. शॉवरमधली कॉइल ही एक ठरावीक रोधाची तार आहे. दाब कमी झाला तर प्रवाह वाढत नाही, कमीच होतो. २४० ला ती ३९.६ अँपिअर घेते, २३० ला ३७.९. आपण जास्तीचा धरायचा. म्हणजे चाळीस.

दुसरी पायरी जाडीची, आणि तिथे भाषाच आपल्याला फसवते. वायरमन ‘अडीच एमएम’, ‘चार एमएम’ म्हणतात तेव्हा ते जाडी सांगत नसतात. ते तांब्याच्या कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ असतं, चौरस मिलिमीटरमध्ये. सहा एमएमच्या वायरीतलं तांबं फूटपट्टीने मोजलंत तर पावणेतीन मिलिमीटर भरेल, दहा एमएमचं साडेतीनच्या थोडं वर. आमच्या तरुणपणीचे वायरमन तर वेगळीच भाषा बोलत. ‘तीन-बावीस’ म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा पिळलेल्या, ‘सात-वीस’ म्हणजे वीस गेजच्या सात. तीन-बावीसचं तांबं आजच्या हिशेबात सव्वा चौरस मिलिमीटरसुद्धा भरत नाही, सात-वीसचं साडेचारच्या वर जातं. जुन्या वाड्यातली वायर बदलताना कोणी ‘तीन-बावीस आहे’ म्हणालं, तर त्यावर गीझर टाकू नये एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता मुख्य मुद्दा. वायर किती जाड हवी, हे विचारताना आपल्याला वाटतं की वीज ‘मावते’ का ते बघायचंय. नळातून पाणी मावावं तशी. हे चित्र डोक्यातून काढून टाकायला हवं. सहा एमएमच्या तांब्यातून चाळीस काय, दोनशे अँपिअरही जातील. प्रश्न एवढाच की जाताना ती किती तापेल आणि ती उष्णता जाईल कुठे.

किती तापेल, याचं उत्तर जेम्स प्रेस्कॉट ज्यूलने दिलं. १८१८ साली मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डमध्ये मद्याच्या भट्टीवाल्याच्या घरी जन्मलेला हा माणूस कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. १८४० च्या सुमारास घरच्या प्रयोगशाळेत पाण्यात बुडवलेल्या तारांतून वीज सोडून तो पाणी किती तापतं ते मोजत बसायचा. त्याला जे सापडलं ते आज शाळेत एका ओळीत शिकवतात: तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. पाणी तापवणाऱ्या तारेचा नियम शोधणारा माणूस इंग्लंडातलाच आणि त्याच नियमाने आज तिथल्या शॉवरची वायर ठरते.

सहा एमएमच्या जोडवायरीतून ४० अँपिअर सोडले तर तापलेल्या अवस्थेत मीटरमागे साधारण पावणेबारा वॅट उष्णता होते. दहा एमएमची घेतली तर सात वॅट. आकडे किरकोळ वाटतात. पण पंधरा मीटरची वायर धरा. सहा एमएमच्या त्या लांबीत पावणेदोनशे वॅट नुसते वायर तापवण्यात जातात. ही उष्णता हवेत गेली तर काहीच बिघडत नाही. भिंतीला चिकटलेली वायर भिंतीला उष्णता देते, वीट आणि गिलावा ती मुकाट्याने शोषतात. पण तीच वायर गोधडीत गुंडाळली तर?

माळ्यावरची ती पिवळी लोकर म्हणजे गोधडीच. काचेच्या धाग्यांची. घरातली ऊब छतातून उडून जाऊ नये म्हणून ती पसरतात. १९७० च्या दशकात तेल महागलं तेव्हापासून तिथे तिचा जोर वाढला आणि थर जाड होत गेला. आज २७० मिलिमीटरची शिफारस असते, म्हणजे हाताच्या वितीपेक्षा जास्त. लोकर उष्णतेला अडवते, आणि ती उष्णता दिवाणखान्यातली की वायरीतली हे तिला कळत नाही. शॉवर चालू असताना वायरीत तयार झालेली उष्णता बाहेर पडू शकत नाही, मग तापमान चढत राहतं. वायरीवरचं पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंत नेहमीसाठी टिकेल असं धरलेलं असतं. त्यावर गेलं की ते लगेच वितळत नाही, पण त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. ठोकताळा असा की दर दहा अंशांमागे आयुष्य निम्मं. वीस वर्षं टिकणारं आवरण वीस अंश जास्त तापलं तर पाच वर्षांत कडक होऊन तडकतं.

ब्रिटिश वायरिंगचे नियम बीएस ७६७१ या क्रमांकाने ओळखले जातात. त्यात एक तक्ता आहे, आणि या प्रकरणातून एकच गोष्ट घ्यायची तर त्या तक्त्यातली ही एक ओळ घ्यावी. तिथल्या घरांतली नेहमीची चपटी राखाडी वायर, सहा एमएमची. भिंतीवर खुली, क्लिपने ठोकलेली असेल तर ती ४७ अँपिअर वाहू शकते. लोकर भरलेल्या भिंतीत पाइपातून गेली तर ३२. छताच्या फळीवर, १० सेंटीमीटरपर्यंतच्या लोकरीखाली असेल तर ३४. लोकर त्याहून जाड असेल तर २७. चारही बाजूंनी लोकरीत, कशालाच न टेकता अधांतरी असेल तर साडेतेवीस.

वायर तीच. तांबं तेच, कंपनी तीच, बिल तेच. क्षमता मात्र सत्तेचाळीसवरून थेट निम्म्यावर.

म्हणजे भाच्याच्या घरात काय घडलं असणार ते आता जुळवता येतं. घर बांधलं तेव्हा माळा उघडा होता. कोणीतरी ७.२ किलोवॅटचा, ३० अँपिअरचा शॉवर बसवला, सहा एमएमची वायर टाकली. ४७ ची क्षमता, ३० चा भार. चोख काम. मग कधीतरी लोकरवाले आले, त्यांनी पातळ थर पसरला. नंतर आणखी कोणी आलं आणि जाड थर पसरला. वायरीला कोणी हात लावला नाही, एमसीबी बदलला नाही, शॉवरही तोच. पण क्षमता २७ झाली आणि भार ३० चा राहिला. कोणाचीही चूक न होता घरात एक चूक तयार झाली. इलेक्ट्रिशियनने लोकर बाजूला करून वायरीचा तुकडा भाच्याला दाखवला तेव्हा आवरण कडक झालं होतं, वाकवलं की त्यावर भेगा उमटत होत्या. नव्या शॉवरचे चाळीस अँपिअर तिच्यावर टाकणं हा प्रश्नच उरला नाही.

दहा एमएमची टाकली तर? उघड्यावर ती ६४ अँपिअर वाहते, उत्तम. पण जाड लोकरीखाली ३६. चाळीसला तीही अपुरी! सोळा एमएमची ४६ पर्यंत जाते, पण ती इतकी ताठ असते की छतातल्या त्या छोट्या डबीत वळवून बसवताना घाम फुटतो. लोक इथेच चुकतात. त्यांना वाटतं, जाड वायर घ्या आणि मोकळे व्हा. शहाणा इलेक्ट्रिशियन जाडीबरोबर वाट बदलतो. भाच्याकडे आलेल्याने तेच केलं. दहा एमएमची वायर घेतली आणि लोकरीच्या वरून, छताच्या तिरप्या वाशांना क्लिपा मारत मोकळ्या हवेतून नेली. जिथे लोकरीतून खाली उतरायचं तिथे अगदी थोडी लांबी आत राहिली. थोड्या लांबीचाही दंड असतोच. चारी बाजूंनी १० सेंटीमीटर लोकर ओलांडली तर क्षमतेचे ७८ टक्के उरतात, २० सेंटीमीटरला ६३. चौसष्टचे ६३ टक्के म्हणजे चाळीसच्या काठावर. म्हणून तो त्या जागेची लोकर हाताने बाजूला सारून गेला. (जाता जाता: लोकरीऐवजी थर्माकोल असेल तर पीव्हीसीची वायर त्याला टेकवू नये. पीव्हीसीला मऊ ठेवणारा अंश थर्माकोल हळूहळू ओढून घेतं आणि वायर ठिसूळ होते. आपल्याकडेही गच्चीखाली थर्माकोल लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.)

भाच्याचा पुढचा प्रश्न असा की शॉवर चालतो दहा मिनिटं, मग इतका विचार कशाला? प्रश्न अगदीच वेडगळ नाही. तांब्याला तापायला वेळ लागतो. पण घरात चार माणसं असतात आणि सकाळी सगळ्यांना एकदमच घाई असते. तिथला ठोकताळाही म्हणूनच सांगतो की घरात दोन शॉवर असतील तर दोन्ही एकाच वेळी पूर्ण जोरात चालतात असं धरा. चुलीला, प्लगला सूट आहे, शॉवरला नाही.

एमसीबीबद्दल बोलायला हवं, कारण तिथे आपल्याकडेही फार गोंधळ आहे. एमसीबी माणसाला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरीला वाचवण्यासाठी असतो. माणसाला वाचवतं ते अर्थिंग आणि आरसीसीबी. म्हणून तीन आकडे चढत्या क्रमाने हवेत: उपकरणाचा प्रवाह सगळ्यात कमी, एमसीबी त्याच्याइतका किंवा त्याहून मोठा, आणि वायरीची क्षमता एमसीबीइतकी किंवा त्याहून मोठी. भाच्याकडे ३९.६, मग ४०, मग ६४. ही साखळी उलटली की घात. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवून घेणारे महाभाग प्रत्येक सोसायटीत असतात. एमसीबी पडत होता कारण तो आपलं काम करत होता. शिवाय तो वाटतो तितका हळवाही नसतो. नेमलेल्या आकड्याच्या १३ टक्के वर गेलं तरी तो तासभर पडत नाही. ४५ टक्के वर गेलं तर तासाभरात पडायला हवा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. अडीच एमएमच्या वायरीवर कोणी ३२ चा एमसीबी बसवला आणि भार खरोखर ३२ वर गेला, तर पाइपातली ती वायर ढोबळ हिशेबाने शंभर अंशांपर्यंत पोचेल. एमसीबी शांत राहील, कारण त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असेल.

आता आपल्या घरी येऊ. दहा किलोवॅटचा शॉवर आपल्याकडे कोणी बसवत नाही. वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो तो पाहिलात तर का नाही हे कळेल. आपला शॉवर म्हणजे गीझर. साठवणीचा पंधरा लिटरचा बहुधा २ किलोवॅटचा, इन्स्टंट ३ किंवा साडेचार किलोवॅटचा. २३० ने भागलं की ८.७, १३ आणि १९.६ अँपिअर. इथेच पहिली सूचना: साडेचार किलोवॅटचा गीझर १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर चालवू नये. ज्या प्लगमध्ये तो घुसतो, तो प्लग त्याच्यासाठी बनलेला नाही. त्याला वेगळा खटका आणि थेट जोडणी हवी.

आणि आपली गोधडी कोणती? आपल्या माळ्यावर लोकर नसते. आपल्याकडे कन्सील वायरिंग असतं, भिंतीत पाइप आणि पाइपात वायरी. वीट आणि सिमेंट उष्णता बऱ्यापैकी वाहून नेतात, त्यामुळे ब्रिटिश माळ्याइतकी वाईट स्थिती नाही. एका पाइपात एकट्या जाणाऱ्या अडीच एमएमच्या जोडीला २४ अँपिअर धरतात, चारला ३२, सहाला ४१. गंमत पुढे आहे. पाइप ठोकताना खर्च वाचवायला एकाच पाइपातून गीझर, वॉशिंग मशीन आणि एसी, तिघांच्या वायरी ओढतात. एका गोधडीत तीन माणसं झोपली की उकडणारच. एकत्र तीन सर्किट असली की प्रत्येकाची क्षमता ७० टक्के धरतात.

मग हवामान. हे तक्ते भोवतालचं तापमान ३० अंश धरून केलेले असतात. वायर ७० पर्यंत जायची, म्हणजे चढायला ४० अंशांची मुभा. भोवताल ४० असेल तर मुभा ३० ची उरली. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून तीसला चाळीसने भागून वर्गमूळ काढायचं: ०.८७. तक्त्यातही हाच आकडा छापलेला असतो. ज्यूलचा नियम आणि एक वर्गमूळ, एवढ्यावर तो रकाना घरी बसून काढता येतो, याचा मला अजून आनंद होतो.

आता गुणाकार. अडीच एमएम: २४ चे ७० टक्के, त्याचे ८७ टक्के, हाती उरतात साडेचौदा. गीझर १३ चा आहे, वाटतं बसला. पण एमसीबी १६ चा आहे. वायर एमसीबीपेक्षा दुबळी झाली, साखळी उलटली. चार एमएम: तेच गुणाकार, उरतात साडेएकोणीस. सोळाच्या वर. बसली. गावोगावचे वायरमन कसलाही तक्ता न पाहता ‘गीझरला चार एमएमच टाका’ म्हणतात ते इथे बरोबर ठरतं. वर्षानुवर्षं जळालेल्या वायरी बदलून त्यांच्या हाताला जे कळलं तेच गणितही सांगतं. साडेचार किलोवॅटला मात्र गर्दीच्या पाइपात चारही पुरत नाही, सहा घ्या, किंवा तिला स्वतंत्र पाइप द्या.

गीझरच्या बाबतीत निसर्ग आपल्या बाजूने आहे हेही सांगायला हवं. तो चालतो थंडीत, पहाटे, भिंती गार असताना. चाळीस अंशांची शिक्षा खरी भोगतो तो एसी. चंद्रपूरला मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ च्या वर असतो, उन्हाने तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीत वायर असते, आणि नेमका तेव्हाच एसी तासन्‌तास चालतो. गीझरची वायर निवडताना जेवढी काळजी घ्याल त्याहून जास्त तिथे घ्या.

विजेचा दाब किती यावरही वायर ठरते, याचं झकास उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. तिथे शॉवरच्या तोंडातच कॉइल असते आणि देशात कुठे १२७ व्होल्ट तर कुठे २२०. साडेपाच किलोवॅटचा शॉवर २२० च्या गावात २५ अँपिअर घेतो, १२७ च्या गावात ४३. ताकद एक, वायरी दोन.

इतकं सगळं बरोबर केलं तरी एक जागा राहते. माझ्या पाहण्यात वायर मधेच जळाल्यापेक्षा टोकाला जळाल्याची उदाहरणं कितीतरी जास्त आहेत. स्क्रू सैल राहिला, किंवा जुन्या इमारतीतल्या ॲल्युमिनियमच्या वायरीला थेट तांब्याची वायर पिळली, की त्या ठिपक्याएवढ्या जागेत रोध तयार होतो. तो ०.०५ ओहम इतका क्षुल्लक धरला तरी भाच्याच्या शॉवरच्या ४० अँपिअरला त्या जागी ८० वॅट उष्णता होते. मोठा सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून विसरावा तशी. आपल्या १३ अँपिअरच्या गीझरला साडेआठ वॅट, पण तेही प्लगच्या बंद डबीत. पिवळा पडलेला प्लग, काळवंडलेली पिन, बटणापाशी येणारा माशासारखा वास, ही सगळी त्याचीच लक्षणं. दहा एमएमची महागडी वायर घेऊन स्क्रू अर्धा आवळणारा माणूस पैसे भिंतीत पुरतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून शॉवरसाठी नवं सर्किट टाकायचं तर ते नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनने करावं लागतं, नाहीतर स्थानिक प्राधिकरणाला आधी कळवावं लागतं. भाच्याला कामानंतर एक प्रमाणपत्र मिळालं, घर विकताना ते दाखवावं लागेल असं तो म्हणत होता. आपल्याकडे परवानाधारक वायरमन असतात, पण गीझर बसवायला कंपनीचा मुलगा येतो, ड्रिल मारतो, जवळच्या प्लगमध्ये पिन खोचतो आणि जातो. मागे कोणती वायर आहे हे तो विचारत नाही. आपणही विचारत नाही.

तेव्हा उद्या सकाळी एक करा. गीझर पंधरा मिनिटं चालू द्या, मग त्याचं बटण बंद करून कोरड्या हाताचा पालथा पंजा प्लगवर टेकवून बघा. कोमट असेल तर अंघोळीला जा. हात ठेववत नसेल तर त्या दिवशी पाणी गॅसवर तापवा आणि वायरमनला बोलवा. तो आला की त्याला वायर किती एमएमची आहे एवढंच विचारून थांबू नका. ती कुठून गेली आहे आणि तिच्या पाइपात आणखी कोण आहे, तेही विचारा.